बुर्जी

गुरुजींनी जांभई दिली की समोरच्याने ओळखावं, डाव संपला. बुद्धिबळाच्या पटावर अजून दोन्हीकडचे हत्ती उभे असायचे, बघणाऱ्यांना काहीच कळायचं नाही. पण गुरुजींना शेवट दिसलेला असायचा आणि तिथवर चालत जायचा त्यांना कंटाळा यायचा. तोंडावर हात न ठेवता ते अशी काही जांभई देत की झाडाखालचं कुत्रंसुद्धा मान वर करून बघे. "आता खेळाच लागन," असं म्हणून उरलेल्या चाली ते मस्टरवर सह्या केल्यासारख्या उरकत.

मी मेडशीच्या शाळेत शिक्षिका म्हणून लागले तेव्हा ते पन्नाशीला टेकलेले होते आणि कायम दमलेले असत. त्यात त्यांचा काही दोष नव्हता. त्या काळात शिक्षकाला शिकवणं सोडून सगळं करावं लागे. मतदारयाद्या झाल्या, दुष्काळात सुकडीचं वाटप झालं, पुढे नसबंदीसाठी घरोघर फिरणं आलं. पायपीट करून परतले की गुरुजी खुर्चीत बसून चपला काढत आणि म्हणत, "बाई, मास्तर सोडून मी सारंच हाय."

वर्तमानपत्र आमच्याकडे दुपारच्या एसटीने यायचं. परदेशातल्या कुठल्याशा मोठ्या सामन्याची बातमी त्यात होती आणि 'ग्रँडमास्टर' हा शब्द आम्ही दोघांनी तिथे पहिल्यांदा वाचला. बुद्धिबळ खेळणं हेच त्या माणसाचं काम, हे गुरुजींना काही केल्या पटेना. "दुसरं काहीच नाई करत? याले कोणी याद्या कराले नाई लावत?" त्यांनी मला दोनदा विचारलं. मग पेपरची घडी घालून म्हणाले, "आपण मास्तर झालो. पुढचं राह्यलंच." हसत म्हणाले खरे, पण त्यानंतर पेपर आला की ते आधी मागचं, खेळाच्या बातम्यांचं पान उघडत.

गावात त्यांच्या तोडीचा एकच माणूस होता, दादाराव. बौद्धपुऱ्यात घर, थोडी कोरडवाहू जमीन, त्यात कापूस आणि ज्वारी. दर रविवारी विहारासमोरच्या लिंबाखाली या दोघांचा पट मांडला जाई, आणि हे वीसेक वर्षं चाललं होतं. दादाराव बहुतेक वेळा हरायचा, पण ताठ मानेने हरायचा. नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आल्यापासून त्याने कोणाचे उपकार घेतले नव्हते. एकदा त्याचा उंट फुकट जात होता, तेव्हा गुरुजी म्हणाले, "चाल वापस घे." दादाराव भडकलाच. "मास्तर, हरवाचं तर हरवा. मले भीक देऊ नका." तेव्हापासून गुरुजींनी त्याला कधीही सूट दिली नाही, आणि त्यांच्या मैत्रीचं सगळं बळ यातच होतं असं मला वाटतं.

ते दोघं खेळायचे ती देशी चाल. तिच्यात प्यादं एकेकच घर चालतं आणि शेवटच्या घरात पोहोचलं की त्या घराचं जे मोहरं तेच होतं. घोड्याच्या घरात गेलं तर घोडा. आणि मुख्य म्हणजे, समोरच्याचा राजा पटावर एकटा उरला की डाव बरोबरीत सुटतो. याला म्हणतात बुर्जी. त्यामुळे जिंकणाऱ्याला दुश्मनाचं एखादं प्यादं शेवटपर्यंत जिवंत ठेवावं लागतं आणि तसंच मात द्यावी लागते. हाताशी आलेलं शेवटचं प्यादं न मारणं ही आमच्याकडे खेळाडूची अक्कल समजली जाई.

अकोल्याला स्पर्धा निघाली ती विलायती नियमांची. त्यांत बुर्जी नाही, आणि प्यादं शेवटच्या कुठल्याही घरात पोहोचलं तरी वजीर होऊ शकतं. पहिला येईल त्याला विदर्भाच्या संघातून बाहेर खेळायला नेणार होते. गुरुजींनी एका ओळखीच्याकडून नियमांचं पुस्तक आणून पाठ केलं, दिवाळीच्या सुटीत पोरांना धरून सराव केला आणि टोपी धुऊन ते गेले. एकामागून एक डाव जिंकत ते शेवटच्या डावापर्यंत पोहोचले. समोर नागपूरचा कॉलेजातला मुलगा होता. त्याच्याकडे राजा आणि एक प्यादं उरलं, गुरुजींकडे हत्ती आणि दोन प्यादी. गुरुजींनी जांभई दिली.

पुढे काय झालं ते त्यांनी मला शाळेच्या टेबलावर मांडून दाखवलं. ते प्यादं हत्तीच्या माऱ्यात उभं होतं. गुरुजींनी ते मारलं नाही. मारलं की बुर्जी, असं हातानेच ठरवून टाकलं. चाललंय तर चालू दे, घोड्याच्याच घरात जातंय, फार तर घोडा होईल. ते गेलं आणि त्याचा वजीर झाला, वर राजाला शह. दोन चालींत हत्तीही गेला. "नियम मले पाठ होते, बाई," गुरुजी म्हणाले. "कोणी इचारलं असतं तर घडाघडा सांगतले असते."

गावातले लोक म्हणत, आपल्या नियमाने गुरुजीच जिंकले. गुरुजी ऐकून घेत नसत. "मी हारलो," एवढंच म्हणत. पुढच्या वर्षी पुन्हा जायचं त्यांनी ठरवलं आणि त्यासाठी देशी चाल बंद केली. दोन्ही खेळत राहिलं तर हात पुन्हा घात करील, हे त्यांचं म्हणणं. दादारावला त्यांनी नवी चाल शिकवून पाहिली. तो म्हणाला, "प्यादं दोन घरं काहून उडी मारते? मले नाई जमत. तुमी जा अकोल्याले, मंग खेळू." रविवारी लिंबाखाली कोणी बसेना. गुरुजी शाळेत एकटेच पुस्तक उघडून सोंगट्या हलवत बसत.

पावसाळ्यानंतर दादाराव आजारी पडला. दवाखान्यातून त्याला घरी आणलं तेव्हा त्याच्या बोलण्यात दम उरला नव्हता. त्याची मुलगी माझ्या वर्गात होती, म्हणून मीही गुरुजींबरोबर भेटायला गेले. त्याने खाटेवरच पट मांडायला लावला. "आपल्या चालीनं," तो म्हणाला, आणि गुरुजींनी मान हलवली.

डाव बराच वेळ चालला. दादारावकडे राजा आणि एक प्यादं उरलं. गुरुजींनी हत्ती उचलला आणि ते प्यादं मारलं.

मला सोंगट्या ओळखण्यापलीकडे फारसं येत नसे, पण इतकं मलाही कळलं. दादारावने आधी पटाकडे पाहिलं, मग गुरुजींकडे.

"बुर्जी," तो म्हणाला. "जाणूनबुजून केलं न, मास्तर?"

गुरुजींनी मारलेलं प्यादं पटाबाहेर ठेवलं.

"वीस वर्सांत कधी सोडलं नव्हतं तुमी मले. बिमार हावो म्हून सोडलं." आणि तो भिंतीकडे तोंड करून झोपला.

परतताना मी म्हटलं, "गुरुजी, सांगायचं होतं ना, चुकून झालं म्हणून."

"काय सांगू? अकोल्यापायी आपला खेळ इसरलो म्हून सांगू त्याले?" थोडं चालल्यावर ते म्हणाले, "पण सांगाच लागन. रविवारी जातो."

रविवारच्या आधी मतदारयाद्यांचं काम आलं आणि गुरुजींना पलीकडच्या गावांना धाडलं. ते परत आले तेव्हा दादाराव गेला होता, मास्तरनं शेवटी आपल्याला भीक दिली असं समजून.