हलवू नका

आम्ही दोघं मोडनिंबजवळच्या एका शाळेत शिक्षक. सोलापूरहून आपापल्या मोटारसायकलवर जायचो. एकमेकांना सर म्हणायचो, एकमेकांच्या घरी गेल्यावरसुद्धा.

सात वर्षांपूर्वी, ऊसतोडीच्या दिवसांत, शाळा सुटल्यावर सर माझ्या पुढं निघाले. अंधार पडत होता. रस्त्याकडेला दिवा न लावता उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर त्यांची गाडी आदळली.

मी पोचलो तेव्हा ते उताणे पडले होते, पण शुद्धीवर. उजव्या पायातला बूट निघाला होता आणि मोज्यातली बोटं हलत होती. ती मी पाहिली.

"पाठीत लई कळ येतीय सर. हलवू नका," ते म्हणाले.

रुग्णवाहिकेला फोन केला. वीस मिनिटं लागतील, असं उत्तर आलं. तोवर माणसं जमली.

"बघत काय बसलाय? तुमचाच माणूस हाय न्हवं? जीव गेल्यावर उचलणार व्हय?"

एक जीप थांबली. पाठीला मार लागलेल्याला हलवू नये, हे मी दरवर्षी पाचवीच्या वर्गात फळ्यावर लिहीत आलो होतो. पण त्या माणसांसमोर नुसतं थांबायची मला लाज वाटली. मी काखेत हात घातले, कुणीतरी पाय धरले आणि आम्ही त्यांना दुमडून मागच्या सीटवर बसवलं. ते मोठ्यानं ओरडले. थोड्या वेळानं अगदी हळू म्हणाले, "सर, माझे पाय खाली राहिले का?"

पाय सीटवरच होते.

डॉक्टरांनी मज्जारज्जूला इजा झाल्याचं सांगितलं. अपघातातच झाली असणार, असं सगळे धरून चालले. बोटांविषयी मी कुणाशीच बोललो नाही. वेळेवर दवाखान्यात नेलं म्हणून शाळेनं माझा सत्कार केला. ती शाल मी एकदाही अंगावर घेतलेली नाही.

तेव्हापासून दर रविवारी मी त्यांच्याकडं जातो. वहिनी आणि शेजारचे काका त्यांना पलंगावरून खुर्चीत घेतात. मी पुढं झालो की सर म्हणतात, "तुम्ही राहू द्या." इतकंच. मग मी खिडकीपाशी उभा राहून बाहेर बघतो.

मागच्या रविवारी काका गावाला गेले होते आणि वहिनी औषधं आणायला. सरांना कुशीवर वळवायची वेळ झाली होती. एका जागी फार वेळ पडून राहिलं की त्यांच्या पाठीला जखम होते. त्यांनी घड्याळाकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"या. हात धरायचा नाही. अंगाखालची चादर धरा. खांदा आणि कंबर एकदम. घाई नको."

मी वळवलं.

"जड झालोय ना? बसून खातोय की," ते हसले.

मला हसता आलं नाही. त्यांची पाठ माझ्याकडं होती, म्हणूनच बहुतेक बोलू शकलो. "सर, त्या दिवशी तुमच्या पायाची बोटं हलत होती. उचलायच्या आधी."

त्यांनी तोंड भिंतीकडंच ठेवलं.

"मीच हलवत होतो," ते म्हणाले. "तुम्हाला दिसावीत म्हणून."

मी पलंगाच्या कडेला बसलो.

"हिला सांगू नका," ते पुढं म्हणाले. "त्या वेळी माझ्याजवळ आपलं माणूस होतं, असं ती येईल त्याला सांगते. तेवढंच बरं वाटतं तिला. ते राहू द्या."

वहिनी आल्या. सर कुशीवर आहेत हे पाहून त्यांना बरं वाटलं. चहा टाकता टाकता आतून म्हणाल्या, "भावजी, तुम्ही होता म्हणून हो."

सर भिंतीकडंच बघत होते. मी हो म्हणालो.