ओट्यावरून दिसलेलं वर्गमूळ

पाटी मास्तरांनी छडीच्या टोकाने उलटवली. हाताने नाही. माझ्या पाटीला हात लागला तर त्यांना अंघोळ करावी लागे.

"या कसल्या जोड्या? सहावीत आलास आणि वर्गमुळाच्या जोड्या पाडता येत नाहीत?" मग आतल्या मुलांकडे वळून म्हणाले, "आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!"

वर्ग खदखदून हसला. मी बाहेर ओट्यावर. आडाजवळ आम्हाला उभं करत नाहीत, म्हण मात्र आम्हालाच ऐकवतात.

डोंबिवलीहून कल्याणच्या या शाळेत मी चालत यायचो. बाप खाडीवरच्या मिठागरात मीठ वाहायचा. त्याच्या पायांच्या भेगांत मीठ जायचं आणि तो रात्रभर कण्हायचा. मी सहावी पास झालो तर मास्तरकी मिळेल, या एका आशेवर घर तग धरून होतं. परीक्षा घ्यायला शाळाखात्याचे डेपुटी यायचे होते. मास्तरांनी बजावलं, "ज्याला वर्गमूळ येत नाही, त्याला मी उभा करणार नाही."

पाटी पुन्हा घेतली. १५१२९. पंधरा, बारा, उरला एकटा नऊ. बाकी काही केल्या संपेना. पुसलं, मांडलं, पुसलं. रडू फुटलं. वाटलं, खरंच आपल्या डोक्यात काही नसेल. सगळं गाव पिढ्यान्पिढ्या सांगतंय, ते खोटं कसं असेल? असं वाटलं होतं मला. आज आठवलं की अंगाची लाही होते.

मधल्या सुट्टीत वर्ग रिकामा झाला. ओट्यावरून मला फळ्याची डावी बाजूच दिसायची. उजवी दाराआड. मी उंबरठ्यावरून वाकून पाहिलं. मग सरळ आत गेलो.

अख्खा फळा पहिल्यांदा पाहिला. जोड्या उजवीकडून पाडलेल्या होत्या. मास्तर बोट ठेवून "इथून, इथून" म्हणायचे, ते बोट मला कधी दिसलंच नव्हतं. आजवर चार आकडी उदाहरणं होती. डावीकडून काय, उजवीकडून काय, जोड्या त्याच. पाच आकडी आलं आणि मी तोंडघशी पडलो.

डोकं ठीक होतं. जागा चुकीची होती. ती मी निवडली नव्हती.

खडू उचलला. एक, एक्कावन्न, एकोणतीस. उत्तर एकशे तेवीस. बाकी शून्य.

"मास्तर, यानं फळा बाटवला!" दारातून एक मुलगा ओरडला.

मास्तर धावत आले. "आत कशाला आलास?"

"फळा दिसत नव्हता."

त्यांनी माझं उत्तर वाचलं. वाचताना मी त्यांना पाहिलं. मग त्यांनी फळ्यावर गोमूत्र शिंपडायला लावलं. उत्तर ओघळून गेलं.

"ओट्यावर नाक घास, तर डेपुटींसमोर उभा करीन. नाहीतर नाव कापलं."

घरी बापाने हात जोडले. पोरापुढे बापाने. "घास रं बाला. एकदाच घासायचा हाय."

"एकदा घासला का रोज घासायला लागल," मी म्हणालो. बाप भिंतीकडे तोंड करून बसला. त्याला दुसरं काय सुचणार होतं?

डेपुटी आले आणि गेले. आता टोपली माझ्या डोक्यावर आहे आणि मीठ माझ्याही पायांत जातं. पण कामावर जाण्याआधी मी रोज शाळेच्या दारात उभा राहतो. हाकलतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा उभा. अर्धा फळा मला नको. अख्खा दिसेल तिथे बसवा, तोवर हे दार मी सोडणार नाही.