काकांच्या सेफ्टी शूजचा वास

असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. भिलाईत स्टील प्लांटच्या नोकरीत आयुष्य गेलं. मीटरवर दिसेल तेवढंच खरं मानलं. तरी लिहितोय... घरात सांगायची हिंमत नाही.

माझ्या आईला मिर्गी होती, फिट यायची. काका तेव्हा आमच्याच क्वार्टरमध्ये राहायचे, प्लांटच्या कोक ओव्हनला, कोळशाच्या भट्ट्यांवर कामाला. आईला झटका आला की पायातला सेफ्टी शू काढून तिच्या नाकावर दाबायचे. "नाटक करून राहिली वहिनी! जोडा सुंगवला का उठते पाहा." शेजारी हसायचे. डांबर, घाम, कुबट चामडं... आई झटक्यापेक्षा त्या जोड्यालाच जास्त भ्यायची. मी दारात उभा राहून बघायचो. अशाच एका झटक्यात गेली ती.

काका आता जवळच बोरसीला एकटे राहतात. मीच बघतो. सत्तरीनंतर त्यांना पहिल्यांदा झटका आला. वर्षानुवर्षं बीपी अंगावर काढलेलं. मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब झाल्यात, म्हातारपणी मिर्गी अशीही सुरू होते, असं डॉक्टर म्हणाले. झटक्याआधी घाण वास येतो, तोही झटक्याचाच भाग, हेही त्यांनीच सांगितलं. "पर वो बदबू सिर्फ़ इन्हीं को आएगी."

मागच्या उन्हाळ्यातली दुपार. वरण-भात कालवता कालवता काकांचा हात थांबला.

"संजू... जोडा कोणं आणला घरात? माह्याच जोड्याचा वास येऊन राहिला."

खरं सांगतो, मला बरं वाटलं. भोगा, म्हटलं मनात.

आणि तो वास मलाही आला. तोच. घरात रबरी चपलांशिवाय काही नव्हतं.

काका कोसळले. मी त्यांना कुशीवर वळवलं... पण लगेच नाही.

शुद्धीवर आल्यावर ते रडायला लागले. "तुले बी आला ना? एकदा हो म्हण, बाबू. मी पागल होऊन राहिलो का? का वहिनी करून राहिली हे?"

"नाही काका. मले तं वरणाचाच वास आला."

नंतर मी गुपचूप माझा एमआरआय, ईईजी करून घेतला. सगळं नॉर्मल. काकांच्या गोळ्या मी स्वतःच्या हाताने, वेळेवर देतो. बीपी ताब्यात आहे, झटके थांबलेत. वास थांबलेला नाही, दोघांनाही येतो. का, ते मला आजही कळलेलं नाही. काकांनी खूप जगावं, असं मात्र मनापासून वाटतं.

परवा त्यांनी माझं मनगट धरलं. "आज तरी आला का रे?"

त्या वासाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"नाही," मी म्हटलं.