नखाचा चाकू

ज्या माणसाच्या अंगठ्याला नख नव्हतं, त्याला मी नखानं उघडायचा चाकू भेट दिला. आणि तो माणूस काही वाटेवरचा नव्हता. माझा सासरा. चार वर्षं मी त्यांच्या हातात रोज सकाळी चहाचा कप देत होते. नातवंडांना मी हे आजवर सांगितलेलं नाही. त्यांच्यासमोर मला आजी म्हणून जो काही भाव आहे, तो उगाच कशाला उतरवा?

सासऱ्यांना आम्ही आबा म्हणायचो. मालवणकडचे, जन्म गिरणीत गेला. गिरणी सुटल्यावर परळची खोली सोडून ते आमच्याकडे मुलुंडला आले. ही ऐंशी सालानंतरची गोष्ट. आबांना पेरूचा फार नाद. पुढचे दात पडलेले, त्यामुळे पेरू पातळ चकत्या करूनच हवा. मी ऑफिसला निघायच्या घाईत, एका हातात डबा, केसांत कंगवा अडकलेला, की नेमके आबा स्वयंपाकघराच्या दारात येणार. "एवढो पेरू कापून दी गो." मग मी घड्याळाकडे बघत उभ्या उभ्या पेरू कापायचा आणि ते उंबऱ्याशी उभं राहून गावच्या गजाली सांगणार. कोणाची म्हैस, कोणाच्या कुंपणाची वई, कोण कोणाशी भांडलं. मी हं हं करायची. एकही गजाल मी धड ऐकलेली नाही.

तेव्हा मी स्वतःला फार हुशार समजायची. एका संध्याकाळी स्टेशनबाहेरच्या फुटपाथवर घडीचे चाकू मांडलेले दिसले आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माशाच्या आकाराची लाल प्लास्टिकची मूठ, दोन पितळी रिबिटं, पातं मिटलं की मुठीत गडप. पात्याच्या पाठीवर अर्ध्या चंद्रासारखी एक खाच. तिच्यात नख अडकवून ओढायचं की टक्कन उघडणार. स्प्रिंग अशी ताठ की विकणाऱ्यालाही दोनदा ओढावं लागलं, ते मला मजबुतीचं लक्षण वाटलं. रिबिटं तळव्याला टोचत होती, मुठीची शिवण बोटाला कातरत होती. पण स्वस्त होता आणि वापरायचा मला थोडाच होता.

घरी येऊन मी आबांना चाकूवर व्याख्यान दिलं. हलका आहे, खिशात मावतो, आता कोणाची वाट बघायला नको. आबांनी तो तळहातावर घेऊन खालीवर केला. "झकास आसा," म्हणाले आणि सदऱ्याच्या खिशात टाकला.

दुसऱ्या दिवसापासून ते दारात यायचे बंद झाले. मी खूश. ऑफिसात मैत्रिणींना सांगितलं, म्हाताऱ्या माणसांना जरा स्वावलंबी केलं पाहिजे गं. टोपलीतले पेरू पिवळे पडून मऊ झाले, ते आमच्या ह्यांनी मिटक्या मारत संपवले. मग घरात पेरू येणंच थांबलं. तेही माझ्या लक्षात आलं नाही. लक्ष असायला माणूस रिकामा लागतो, मी तर स्वतःवरच खूश होण्यात गुंतलेली.

एका रविवारी मी भाजी घेऊन येत होते. गेटजवळच्या बाकावर आबा आणि त्यांचे दोस्त बसलेले. कोणीतरी पिशवीभर पेरू आणले होते. एक म्हातारा म्हणाला, "काढ रे तो चाकू. सुनेनं दिलाय म्हणून मिरवतोस ना?"

आबांनी चाकू काढला आणि त्याच्याचपुढे सरकवला. "तूच काप."

मी पुढे झाले. कोणी बोलावलं होतं? "ऐतं खायची सवय बघा," मी म्हटलं. "घरी सून, इथे तुम्ही. उघडून दाखवा ना आबा, नाहीतर हातांना गंज चढेल."

म्हातारे हसले. आबाही हसले. मग त्यांनी उजवा हात पुढे केला आणि नेहमी मुठीत मिटलेला त्यांचा अंगठा मी पहिल्यांदा नीट पाहिला. नखाच्या जागी नुसती गुळगुळीत कातडी. शेजारच्या दोन बोटांनाही तेच. कधीतरी गिरणीत साच्यात, म्हणजे मागात, हात सापडला होता, हे मला लग्नाआधी सांगितलेलं होतं. डाव्या हातात जोर नव्हता, तेही माहीत होतं. अंगठा खाचेवरून घसरला. पुन्हा लावला, पुन्हा घसरला. चाकू तोंडाकडे नेता नेता त्यांनी तो खाली ठेवला. कोणीच हसत नव्हतं.

मी तो उचलला आणि उघडला. माझ्या लाल रंगवलेल्या नखानं. टक्कन.

पेरू कापून झाल्यावर आबांनी चाकू परत मागितला नाही. मी तो भाजीच्या पिशवीत टाकून वर आणला. ओट्याशी धुताना मुठीवर हात फिरवला, तर मागच्या टोकाला बारीक खळगे लागले. दातांचे. पुढचे दात नव्हते, म्हणून मूठ दाढांत धरून पातं ओढून पाहिलं असणार. त्या माणसानं घरात एकट्यानं किती खटपट केली असेल, आणि मला एका शब्दानं म्हणाले नाहीत की तुझा चाकू कुचकामाचा आहे.

सकाळी मीच खाली जाऊन पेरू आणला. त्यांना उंबऱ्याशी पाट टाकून दिला, समोर विळी घेऊन जमिनीवर बसले आणि पातळ चकत्या करायला लागले. मान वर करायची हिंमत नव्हती. माफी मागायची म्हणून रात्रभर वाक्यं जुळवली होती, पण मी नुसत्या चकत्याच करत राहिले. आबा पाटावर बसले, एक चकती उचलून तोंडात टाकली, चघळली. मग म्हणाले,

"काप गो, आणि बोल कायतरी. काल खाली इतक्या बोललंस, आणि आज तोंडात गुळणी धरलंस?"