सूर्याने दिलेलं प्रमाणपत्र

नॉर्थ डकोटातल्या त्या गावात एलरॉय ट्वाइटला कमीपणा घेणं सोडून सगळं येत होतं. टेलिफोन कंपनीतून निवृत्त झाल्यावर त्याने परसात मोठी डिश अँटेना उभारली आणि हौशी रेडिओवाल्यांच्या मंडळात इतरांना तोंड उघडायची सोय राहिली नाही.

मंडळाची जुनी डिश जत्रेच्या मैदानामागे होती. ती बांधणारा व्हर्नन वारला होता. त्याची बायको आर्लीन त्या डिशवरून चंद्राकडे संदेश फेकायची आणि चंद्रावर आपटून आलेला प्रतिध्वनी पकडायची. जागा एकाच डिशची. एलरॉयला तिथे स्वतःची हवी होती.

डिशची परीक्षा सोपी असते. ती आधी सूर्याकडे वळवायची, मग रिकाम्या आकाशाकडे. दोन्हीकडून ऐकू येणाऱ्या खरखरीतला फरक जितका मोठा, तितकी डिश चांगली. एलरॉयने व्हर्ननची डिश सूर्य शांत होता त्या दिवशी मोजली आणि आपली, सूर्यावर वादळ उठून त्याची खरखर वाढली होती त्या दिवशी. सूर्य आज कसा आहे हे आधी बघावं, एवढं नवशिक्यालाही कळतं. पण सोयीचं सत्य कोण तपासतो?

"अरे, दोन्ही एकाच दिवशी मोज ना," मंडळातला गॉर्डी म्हणाला. "नाहीतर कॅसिओपिया तारकासमूहातल्या त्या मेलेल्या ताऱ्याकडे वळव. त्याला लहर येत नाही."

"सूर्य सोडून काजवा बघू?" एलरॉय फिस्कारला.

मंडळाने माना डोलावल्या. व्हर्ननची डिश कापली गेली, तिची जाळी गॉर्डीच्या खुराड्याला लागली, आणि एलरॉयची डिश दिमाखात मैदानावर आली.

शरदातल्या चंद्रावरून संदेश परतवायच्या स्पर्धेत चंद्राकडून चकार शब्द परत आला नाही.

"चंद्र या महिन्यात लांब गेलाय," एलरॉय म्हणाला. नाचता येईना अंगण वाकडे.

"व्हर्ननला तो लांबूनही ऐकू यायचा," आर्लीन म्हणाली.

गॉर्डीने उशिरा का होईना, जुन्या नोंदी चाळल्या होत्या. "त्या दिवशी सूर्य पिसाळला होता रे! तू कढई धरली असतीस तरी मोठा आकडा आला असता."

"मग पुन्हा मोजू!" एलरॉय उसळला. "दोन्ही डिश, एकाच दिवशी!"

खुराड्याची जाळी आठवून गॉर्डीने मान खाली घातली.

"तुझी डिश गावात पहिली, एलरॉय," आर्लीन शांतपणे म्हणाली. "दुसरी तू ठेवलीच नाहीस."

घरी गेल्यावर एलरॉयने बायकोला त्यातलं पहिलं वाक्य तेवढं सांगितलं.