मेलेल्या पाइपाची ऊब

आधीच सांगतो, भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. अंगारे-धुपारे, पत्रिका... सगळं थोतांड! मी इंजिनिअर माणूस, मूळचा नागपूरचा, आता अमेरिकेत, ईडन प्रेरी गावात रिटायर्ड. पण हे माझ्या स्वतःच्या हाताला जाणवलंय, काय करणार?

ऐंशीच्या दशकात आम्ही अलास्कात, फेअरबँक्सजवळ राहत होतो. तिथली जमीन खोलवर कायमची गोठलेली. ती वितळली की वरचा रस्ता खचलाच. म्हणून आम्ही रस्त्याच्या कडेने लोखंडी पाइप उभे पुरले होते, आत गॅस भरून सीलबंद. हिवाळ्यात तो गॅस जमिनीतली उष्णता वर आणून हवेत सोडतो. ना वीज, ना मोटर. डिझाइन माझं होतं आणि उत्तम होतं, आजही छातीठोक सांगेन.

त्यातल्या एका पाइपातला गॅस गळून गेला होता. एखादा मेला तर बिघडत नाही, शेजारचे सांभाळून घेतात. एका दुपारी कडाक्याच्या थंडीत फोरमन हँक आणि मी पाहणी करत होतो. थोड्याच वेळात तिथून शाळेची बस जाणार होती — त्यात माझी मुलगी अमृता.

चालताना माझा बूट त्या मेलेल्या पाइपाला लागला. आता आपली सवय... पाय लागला की नमस्कार! ग्लव्ह काढून मी उघडा हात पाइपाला लावला, कपाळाला नेला आणि मग भानावर आलो. अशा थंडीत लोखंडाला हात चिकटतो, कातडी सोलून निघते. माझा चिकटला नव्हता. पाइप गरम होता — ताप आलेल्या पोराच्या कपाळासारखा.

हँकने मला वेड्यातच काढलं. पाइपावर थर्मासमधलं पाणी ओतून दाखवलं, ते बघता बघता गोठलं. आत गॅसच नाही तर गरम होईल कसा, हा त्याचा मुद्दा बिनतोड होता. पण मी घड्याळ पाहिलं, बस यायची वेळ होत आली होती.

"रस्ता बंद कर," मी म्हणालो. "जबाबदारी माझी."

कुरकुरत त्याने पिकअप आडवी लावली. बस लांबच्या रस्त्याने गेली. मग आम्ही ड्रिल लावलं, तर ते धपकन खालीच गेलं. रस्त्याखाली मोठी पोकळी होती, तळाशी पाणी वाहत होतं. डोंगराकडचा झरा आतून जमीन वितळवत आला होता.

पोकळीचं कारण सापडलं, उबेचं नाही. तो पाइप मी कापूनही पाहिला. आत ठणठणीत कोरडा.

त्या संध्याकाळी घरी गेलो, तर अमृता गाल फुगवून बसलेली. बस उशिरा पोचली, तिचं कार्टून बुडालं होतं.

"इट्स ऑल युअर फॉल्ट, बाबा!"

"हो गं बाई, माझाच," म्हणालो, आणि तिला पोटाशी धरून ढसाढसा रडलो.