पंचनाम्याची रुई

कुणाच्याही घरी गेले की गादीवाले चाचा आधी बसायचे नाहीत. तळहाताने गादी दाबून पाहायचे, एकदा उशाशी, एकदा पायथ्याशी, आणि मग घरधन्याकडे असं बघायचे की त्यालाच ओशाळं वाटावं. "अरे बाप्पा! याच्यावर झोपता, का कुस्त्या खेळता?" पोरीच्या सोयरिकीला गेले तर तिथेही होणाऱ्या व्याह्याची गादी दाबून आले. चाचीने कपाळावर हात मारला. पण सोयरीक जमली, आणि व्याह्याच्या घरच्या सगळ्या गाद्या चाचांकडेच आल्या भरायला.

आमचं गाव उमरखेडकडचं, पैनगंगेला लागून. माझी पिठाची चक्की आणि चाचांचं घर समोरासमोर. मातीच्या भिंती, पुढच्या खोलीत रुई पिंजायची मशीन, मागे हे नवरा-बायको. दिवसभर माझ्या अंगावर पीठ आणि त्यांच्या अंगावर रुई. "ताई, गावात पांढरपेशे दोनच. एक तू, एक मी," असं म्हणून स्वतःच खो खो हसायचे. शंभरदा ऐकलेलं, तरी मला हसू यायचंच.

आम्ही लहान होतो तेव्हा पूर ही म्हाताऱ्यांनी सांगायची गोष्ट होती. आता तो दरसाल येतो, जावयासारखा, हक्काने. महिनाभर टिपूस नाही आणि मग महिन्याचं पाणी एका सकाळी. फाल्गुनात गारा, वैशाखात अंगाची लाही. हल्ली मोबाइलवर इशारे येतात, पिवळा, केशरी, लाल. चाचांनी पहिल्यांदा पाहिले तेव्हा म्हणाले, "काहून ताई, आता पाण्यानंबी पार्टी धरली काय?"

आदल्या वर्षीच्या पुरात त्यांची थोडी रुई भिजली होती. शहाण्या माणसाने करावं तेच त्यांनी केलं. वाळवली, पिंजली, घर सारवून घेतलं. नंतर पंचनाम्याला माणसं आली, सारवलेलं घर पाहिलं आणि म्हणाली, "नुकसान कुठं आहे?" पारावर कुणीतरी हसलंही, म्हातारा फुकटचं मागून राह्यला म्हणून. मेल्यांची जीभ झडो. चाचांना ते फार लागलं. चार दिवस मशीन बंद होती.

म्हणून यंदा पाणी घरात शिरलं आणि लग्नसराईसाठी भरून ठेवलेली सगळी रुई भिजली, तेव्हा चाचांनी तिला बोट लावलं नाही. वर भोंगा लावलेली रिक्षा गावभर ओरडत फिरली, "पंचनामा होईपर्यंत नुकसानीला हात लावू नका!" नेतेही आले. गाडीतून उतरून चिखलाच्या अलीकडे उभे राहिले, एकही घर सुटणार नाही म्हणाले, फोटो काढून गेले. चाचांनी टाळी वाजवली. खरंच वाजवली, मी पाहिली.

पुराने ढकललेला तो ढीग मागच्या भिंतीला जाऊन टेकला होता. पुरानंतर असं ऊन पडलं की भादव्यात आमची डोकी तडकली. सगळ्यांच्या भिंती खडखडीत वाळल्या. चाचांची मात्र ओलीच, कारण भिजल्या रुईने तिला कवटाळून धरलं होतं. वास सुटला. भिंतीचे पोपडे निघाले, मग ढेकळं.

"चाचा, फेका ते! भिंत गिळून राह्यलं ते!" मी ओरडायची.

"पुरावा हाय तो, ताई. थांब जराशी. सरकार येऊन राह्यली."

रोज सकाळी धुतलेला सदरा घालून दारात खुर्ची टाकून बसायचे. रस्त्याने जीप गेली की उठून उभे. जीप पुढे निघून जायची, कुठेतरी आणखी मोठ्या माणसाचा दौरा असायचा आणि सगळे तिकडे. चाचा खाली बसायचे, सदरा नीट करायचे.

एक दिवस मी फावडं घेऊनच गेले. चाचा दारातच आडवे आले. इतक्या वर्षांत मी त्यांना रागावलेलं पाहिलं नव्हतं. "हात नको लावू! मागच्या साली साफ केलं, तर गावानं मले चोर केलं." मग आवाज खाली आला. "उद्या येतीन ते. चहा पिऊन जा."

दुसऱ्या दिवशी कुणी आलं नाही. दुपारी आला तो पाऊस. मोबाइलवर लाल रंग, बाहेर काळं. मी चाचीला ओढूनच चक्कीत आणलं. चाचाही आले, टेकले, आणि पुन्हा उठले. ढिगावर ताडपत्री टाकतो म्हणाले. सडून त्याचं पाणी झालं तर दाखवायचं काय? चाची म्हणाली, "मत जाओ जी." ते म्हणाले, "आया अभी."

भिंत पडल्याचा आवाज मोठा आला नाही. ओल्या मातीचा येत नाही.

तुम्ही सांगा, अशा वेळी कोण पंचनाम्याला थांबतं? सगळी आळी धावली. फावडी, घमेली, नुसते हात. माती उपसली, रुई उपसली, दिसेल ते त्या धो धो पावसात बाहेर फेकलं. पाण्याच्या लोंढ्याबरोबर रुई नदीकडे गेली. खाली चाचा सापडले. श्वास नव्हता.

दुसऱ्या दिवशी मात्र गाड्यांची रांग लागली. मेलेल्या माणसाला सरकार ताटकळत ठेवत नाही. नेते चाचीसमोर हात जोडून म्हणाले, "आम्ही तुमच्या पाठीशी आहोत." चाचीने विचारलं, "पानी फिर कब है?" त्यांनी पीएकडे पाहिलं. पीएने आभाळाकडे.

सगळे गेल्यावर तलाठी मागे राहिला. पोरगेलासा, दोन रात्री न झोपलेला. मोबाइल काढून म्हणाला, "मयताचं झालं, ताई. घराचं आन् मालाचं राह्यलं. माल कुठं हाय?"

"उपसला."

"मग मी लिहू काय?"

"अरे, माणूस होता त्याच्याखाली!" मी इतकी किंचाळले की चाची दचकली.

त्याने मान खाली घातली. "मले समजते हो. पण फोटोत दिसलं पाह्यजे."

मी त्याचं मनगट धरलं आणि नदीवर नेलं. काठच्या बाभळींना, कुंपणांना, थेट पुलाच्या कठड्यापर्यंत रुईचे मळके बोळे लटकले होते. "काढ," म्हटलं, "किती पाहिजेत तेवढे फोटो काढ."

त्याने काढले. मग गावाकडे तोंड करून एक काढला, स्क्रीनवर तो बोटांनी मोठा करून पाहिला.

"ताई, माल आन् घर एकाच फोटोत लागते. याच्यात घर नाही दिसून राह्यलं."

मी वळून पाहिलं. खरंच दिसत नव्हतं.